भिंतीतली खळी

दार

आधी अडतं, मग कण्हतं, मग एकदम सुटतं आणि माणूस आत ढकलला जातो.

"जुनं आहे ना, म्हणून," एजंट खांदा चोळत म्हणाला. "पण बदलायचं नाव काढायचं नाही. हे दार, त्या खिडक्या, जिन्याचा कठडा, बाहेरचा रंग, सगळं जपून ठेवायची सक्ती आहे. अख्ख्या गल्लीलाच आहे. म्हणजे राहायचं पणजोबांच्या काळात आणि भाडं मात्र आजचं."

तो स्वतःच हसला. ती हसली नाही. ती दार ऐकत होती. कामावर असा आवाज काढायचा तर दोन वेगवेगळी दारं लागली असती, एक ओलं बूच लागलं असतं आणि अर्धा दिवस गेला असता.

कारण तिचं काम तेच. सिनेमांना आवाज देणं. बोलण्याचे नव्हेत, ते नट-नट्या देतात. बाकीचे. पडद्यावर एखादी बाई जिना उतरते, पिशवी ठेवते, किल्ली शोधते, कप विसळते, तेव्हा ऐकू येतं ते सगळं हिने एका बंद खोलीत, पडद्याकडे बघत बघत वाजवलेलं असतं. राण्या, खुनी, मोलकरणी, पळून जाणाऱ्या मुली. सगळ्यांचे पाय हिचे.

स्टुडिओत तिला मांजर म्हणतात. पडद्यासाठी चालत नसते तेव्हा ती खोलीत आल्याचं कोणालाच कळत नाही.

अर्धं फूल

घर अरुंद, तीन मजली, शेजारच्या घरांना खांदे लावून उभं. जिन्याच्या पायऱ्या मधोमध झिजून वाटीसारख्या झालेल्या. पहिल्या मजल्यावर पूर्वी एकच मोठा दिवाणखाना होता. मग दोघा भावांची वाटणी झाली आणि दिवाणखान्याच्या मधून एक भिंत उभी राहिली. भिंत कसली, लाकडी पट्ट्यांवर थापलेलं प्लास्टर. तिच्या अलीकडच्या अर्ध्यात एजंट उभा होता.

"समोर बसायची खोली, मागे बेडरूम, मधे हा ओटा. एकट्या माणसाला राजवाडा. आणि वर बघा."

छतावर प्लास्टरचं भलंमोठं फूल होतं. म्हणजे अर्धंच. भिंत थेट त्याच्या पाकळ्यांमधून गेली होती.

"उरलेलं?"

"मालकांकडे. पलीकडे. त्यांनी अर्धं बघायचं, तुम्ही अर्धं बघायचं."

मालक दारातच येऊन उभे होते. निवृत्त दातांचे डॉक्टर. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांऐवजी दातांकडे बघायची त्यांची सवय अजून गेली नव्हती, त्यामुळे ती ओठ मिटूनच बोलत राहिली.

"आधी तीन महिने राहून बघा," डॉक्टर म्हणाले. "मग वर्षाचा करार करू. अट एकच. पलीकडे माझी बायको असते. पडल्यापासून पलंगावरच आहे, आणि तिचं डोकंही हल्ली मागेपुढे होतं. तिला त्रास होता कामा नये."

"माझा आवाजच नसतो, डॉक्टर."

"छान," डॉक्टर म्हणाले. "फारच छान."

कुजबुज

हे भांडण सगळं कुजबुजत झालं, कारण दादा झोपला होता.

दादा पावाच्या कारखान्यात रात्रपाळीला जातो. सकाळी अंगाला पिठाचा वास घेऊन येतो आणि झोपतो. आईवडील गेले तेव्हापासून ती दादा-वहिनीकडेच राहत होती, बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर. त्या घराचा कायदा दोन शब्दांचा होता: *दादा झोपलाय*. चमचा कपाला न लावता साखर ढवळायची. दार बिजागरीवर किंचित उचलून लावायचं. शिंक आली तर उशीत. भाची याच कायद्यात रांगली, चालली, आणि आता कॉलेजला होती.

"आम्ही काय जड झालो का गं तुला?" वहिनी. दात-ओठ खात, पण कुजबुजत.

"तसं नाही गं वहिनी."

"मग कसं? लोक म्हणतील, नणंदेला घालवली. काय सांगू मी त्यांना?"

"सांग, स्वतःहून गेली."

"माझा हा चेहरा बघून कोण विश्वास ठेवेल?"

"तुझ्या लेकीला अभ्यासाला जागा नको का? दिवाणाच्या कोपऱ्यात पुस्तकं पसरून बसते पोर."

"मग ती जाऊ दे! तू कशाला? पन्नाशी आली तुझी. या वयात लोक घरं सोडत नाहीत, घरात जरा पाय पसरून बसतात."

"तेच करायचंय मला."

वहिनीने पातेलं आपटलं. म्हणजे आपटायला उचललं, आणि अलगद ठेवलं. आतल्या खोलीत दादाने कूस बदलली. दोघी श्वास रोखून उभ्या राहिल्या.

मग वहिनीने तिला आपली चांगली किटली, एक उलथनं आणि दोन चादरी बांधून दिल्या. "परत आण म्हणणार नाही," ती कुजबुजली. "पण परत ये म्हणेन."

टक

पहिल्या संध्याकाळी तिने किटली गॅसवर ठेवली. नुसती ठेवली नाही, वाजवून ठेवली. खुर्ची ओढली तीही उचलून नाही, फरफटत. कपात चमचा गरागरा फिरवला. घर भाड्याचं होतं, पण आवाज स्वतःचा होता आणि तो कसा ऐकू येतो ते तिला जन्मात एकदा

टक टक टक.

बघायचं होतं.

भिंतीवरून. पलीकडून. ती हातातला चमचा तसाच धरून उभी राहिली. डॉक्टरांची बायको. पहिल्याच दिवशी. पहिल्याच कपाला.

तिने चमचा बशीत ठेवला, मधे बोट घालून, वाजू नये म्हणून.

थोड्या वेळाने पुन्हा: टक टक टक.

आता काय चुकलं? किटली. किटलीतलं पाणी उकळत होतं. तिने गॅस बंद केला. चहा कोमटच प्यायली.

ओट्याजवळ, भिंतीत, कोपराच्या उंचीवर एक खळी होती. नाण्याएवढी, गुळगुळीत. एखाद्या जुन्या कपाटाच्या मुठीने पडली असेल. दिसायला बरी दिसेना म्हणून तिने तिथल्या खिळ्याला टॉवेल अडकवला. खिळा आधीपासूनच होता. नवा ठोकायची तिची हिंमत झाली नसती.

दुसऱ्या दिवशी सकाळी टक टक टक. दुपारी सुट्टी होती तेव्हा टक टक टक. ती दर वेळी आपल्या हातून काय वाजलं ते शोधी, आणि दर वेळी काहीतरी सापडे. नळ. चप्पल. खिडकीची कडी. एकेक करून तिने सगळं गप्प केलं. खुर्चीच्या पायांना जुन्या मोज्यांच्या टोप्या घातल्या. नळाच्या तोंडाला फडकं बांधलं. घरात ती पुन्हा बोटांवर चालू लागली, आणि पाय त्या चालीत इतक्या सहजपणे शिरले की जणू कधी बाहेर आलेच नव्हते.

पलीकडून

पलीकडच्या पलंगावर एक म्हातारी बाई भिंतीला कान देऊन पडलेली होती. तिला ऐकू आलं ते असं.

किटली. खुर्ची. चमचा. पाणी. पावलं.

पाणी. पावलं.

पाणी.

कडी, एकदाच.

…

…

मग तिने जास्त जोरात ठोठावलं.

काचेमागचा

स्टुडिओची खोली म्हणजे भंगारवाल्याच्या दुकानाने घराचं सोंग घेतलेलं. जमिनीत चौकोनी खड्डे: एकात रेती, एकात फरशी, एकात सुकी पानं, एकात लाकडी फळ्या. भिंतीला टेकून दारं, नुसतीच, घराविना. रॅकवर बूट आणि चपला, पुरुषांचे, बायकांचे, एक जोडी पोलिसाची. मधे काच. काचेमागे रेकॉर्डिस्ट, कानांवर हेडफोन. त्याचं नावच काचेमागचा पडलं होतं. वयाने लहान, जिभेने नाही.

पडद्यावर एक बाई नवऱ्याचं घर सोडून निघाली होती. लांब व्हरांडा, उंच टाचांचे बूट. ती फळ्यांच्या खड्ड्यात तसेच बूट घालून उभी राहिली आणि बाईबरोबर चालली.

"मांजर, परत."

परत चालली.

"ती रागावलीये गं," काचेमागचा म्हणाला. "तू माफी मागत चाललीयेस. शेजारी झोपलेत का कोणी?"

तिने जोर लावला. बूट वाजले, पण बूटच वाजले, बाई वाजली नाही.

"काय झालंय तुला? तुला मोकळं घर मिळालंय ना? मला वाटलं होतं, आता तू हत्तीसारखी येशील."

"मिळालंय," ती म्हणाली.

"मग?"

मग काय. ते मोकळं घर टिकवायचं तर ते वाजता कामा नये, हे त्याला कसं सांगायचं? संध्याकाळी परतताना गल्लीच्या तोंडाशीच तिची टाच आपोआप उचलली जाई. दार मात्र ऐकत नसे. ते अडे, कण्हे, सुटे. पाठोपाठ भिंतीवर लगेच टक टक टक, आणि ती चपला हातात घेऊन आत शिरे.

डॉक्टरांचं येणं

तिसरा महिना संपत आला तेव्हा डॉक्टर आले. बसले. खुर्चीच्या पायांतल्या मोज्यांकडे बघितलं.

"कसं सांगू," ते म्हणाले. "तुम्ही भाडेकरू म्हणून सोन्यासारख्या आहात. पण बायकोचं बरं नाही. जेवत नाही. तोंडच उघडत नाही. मी आयुष्यभर लोकांना तोंड उघडा म्हणून सांगितलं, उघडली सगळ्यांनी. हिचं उघडत नाही. दिवसरात्र राहणारी नर्स ठेवायला लागणार. आणि तिला ठेवायला जागा एवढीच." त्यांनी खोलीभर हात फिरवला, वरच्या अर्ध्या फुलापर्यंत. "महिनाभरात दुसरीकडे बघा. एजंटला मी सांगतो."

तिला वहिनीचा चेहरा दिसला. दिवाण दिसला, आणि दिवाणावर पसरलेली भाचीची पुस्तकं.

"माझा त्रास झाला का त्यांना?"

"तुमचा? छे! तुम्ही घरात असता की नसता तेच कळत नाही."

त्यांनी ते कौतुकाने म्हटलं होतं.

"त्या ठोठावतात ना," ती चाचरत म्हणाली, "मला वाटलं..."

"ते होय! ती जुनी खोड आहे तिची. राग आला की भिंत बडवते. मनावर घेऊ नका. भाऊ होता माझा इथे, धाकटा. आमचं बोलणं बंद होतं. तेव्हापासून बडवतेय." डॉक्टरांच्या चेहऱ्यावर पुसट अभिमान होता. "माझ्या बाजूने भांडायची बिचारी."

ते गेले. तिने दार उचलून लावलं. ते तरीही कण्हलं.

टॉवेल

रविवारी ती सामान बांधायला बसली. सामान असं नव्हतंच. चादरी बांधल्या, किटली बांधली, उलथनं बाहेर ठेवलं कारण ऑम्लेट अजून तव्यावर होतं, आणि टॉवेल काढायला भिंतीकडे वळली.

खळी.

जाताना नीट बघावी म्हणून तिने बोट घातलं. आणि बोट तिथेच राहिलं.

कपाटाची मूठ एका जागी आदळते तेव्हा आधी प्लास्टरला चरा पडतो, मग टवका उडतो. कडा दातेरी राहतात. दारं, कपाटं, खिडक्या आपटणं हाच जिचा धंदा, तिला हे आधीच कळायला हवं होतं. या खळीला कडाच नव्हत्या. ती झिजली होती. खालच्या जिन्याच्या पायऱ्यांसारखी. कोणीतरी इथे हलक्या हाताने मारलं होतं, रोज, इतकी वर्षं की मधे कधी रंग दिला गेला तरी तो पुन्हा निघून गेला होता.

म्हणजे अलीकडूनही.

ती गॅससमोर उभी राहिली, ऑम्लेट परतायला उभं राहतात तशी. उजव्या हातात उलथनं. मागे न बघता हात नुसता बाजूला नेला. उलथन्याच्या दांड्याचं टोक खळीत जाऊन बसलं. शोधावं लागलं नाही.

रागावलेलं माणूस भिंतीकडे तोंड करून बडवतं. ऑम्लेट परतता परतता, पाठमोऱ्याने, इतक्या सावकाश कोणी रागावत नाही.

ऑम्लेट करपायला लागलं. तिला ते कळलं, पण ती हलली नाही. तिला आता एकाच गोष्टीची वाट बघायची होती, आणि ती गोष्ट आज नेमकी

नाही.

येईना. तिने खुर्चीचे मोजे काढले आणि खुर्ची जमिनीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत खरडत नेली. नळाचं फडकं सोडलं. बादलीत पाणी धो धो सोडलं.

टक टक टक.

अगदी बारीक. जोर संपत आलेल्या हाताचं.

तिने उलथनं उचललं. टक टक.

पलीकडे काहीच नाही. इतकं काहीच नाही की तिला वाटलं, चुकलं आपलं. मग एकदम टकटकटकटकटक, घाईघाईने, कसलाही हिशेब न ठेवता, पुष्कळ दिवसांचं साठलेलं एकदम ओतावं तसं. आणि त्यातच डॉक्टरांचा दचकलेला आवाज, खुर्ची पडल्याचा आवाज, जिन्यावरचा आवाज, दारावरचा आवाज.

"काय केलंत तुम्ही?" डॉक्टर धापा टाकत होते.

"उत्तर दिलं."

"कसलं उत्तर?"

"ते मला माहीत नाही. त्यांना झालं काय?"

डॉक्टर दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. पहिल्यांदाच ते तिच्या दातांकडे न बघता तिच्याकडे बघत होते.

"चहा मागतेय," ते म्हणाले.

दोन जावा

भांडण दोघा भावांचं होतं. कशावरून, ते डॉक्टरांनी सांगितलं, पण सांगता सांगता त्यांनाच ते इतकं क्षुल्लक वाटलं की अर्ध्यावर सोडून दिलं. भिंत घातली त्या दिवशी दोघांनी आपापल्या बायकांना बजावलं: पलीकडे एक शब्द बोलायचा नाही.

दोघी जावा. थोरली पलीकडे, धाकटी अलीकडे. त्याआधी एका स्वयंपाकघरात वावरलेल्या.

त्या एक शब्दही बोलल्या नाहीत.

"मला वाटायचं, भांडतायत," डॉक्टर कपात बघत म्हणाले. आता ते तिच्याच खोलीत बसले होते आणि थोरलीने एक अख्खा कप चहा संपवला होता. "ही तिकडून बडवायची, ती इकडून बडवायची. भाऊ गेला, तरी चालूच. मी म्हणायचो, काय बायका आहेत, वैर सोडत नाहीत. आणि आतून मला बरं वाटायचं हो. गेल्या वर्षी धाकटी गेली. तिचा मुलगा येऊन हा भाग मला देऊन गेला. ही तरी बडवतच राहिली. मग तर मला वाटलं, डोकं गेलं पूर्णच."

"विचारलं नाहीत कधी?"

"काय विचारायचं? आपल्या बाजूने भांडणाऱ्या माणसाला कोण विचारतं, का भांडतेस?"

बाहेर गल्लीतून एक सायकल खडखडत गेली.

"आता तिला वाटतंय, धाकटी परत आली," डॉक्टर हळू म्हणाले. "आज पोटभर जेवली. राहू दे तसंच? तुम्ही तर... एजंट म्हणाला, तुमचं कामच ते आहे. कोणाचीही पावलं काढता म्हणे."

काढता आली असती. तेच तिला नकोसं झालं. आयुष्यात एवढ्या बायकांची पावलं चालली, त्यात आणखी एक मेलेली बाई. शिवाय एक अडचण होतीच.

"कशा चालायच्या त्या?"

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. वर बघितलं, फुलाकडे. दाराकडे बघितलं.

"कोण जाणे," ते म्हणाले. "भिंतीला लागून राहत होती इतकी वर्षं. मी कधी ऐकलंच नाही."

चाल

सोमवारी कामावरून आल्यावर तिने दार उचलून लावलं नाही. लागू दिलं.

टक टक टक.

उलथनं. टक टक.

मग ती खोलीच्या मधोमध, अर्ध्या फुलाखाली उभी राहिली आणि चालायचं ठरवलं. पाऊल उचललं आणि अडली. समोर पडदा नव्हता. राणी नव्हती, मोलकरीण नव्हती, घर सोडणारी बाई नव्हती. कोणाच्या मागे चालायचं? आपली चाल कशी असते? दादाकडे येण्याआधी ती कशी चालत असे ते तिला काही केल्या आठवेना.

पहिलं पाऊल फार जोरात पडलं, लष्करातल्यासारखं. दुसरं पडलंच नाही. तिला हसू आलं. खिडकीपर्यंत गेली, परत आली. ओट्यापर्यंत गेली. पाय हळूहळू आपलं वजन जमिनीवर ठेवू लागले. टाच, मग चवडा. तिचा उजवा पाय किंचित घासतो हे तिला त्या दिवशी कळलं. इतक्या वर्षांत कोणीच सांगितलं नव्हतं. कोणाला ऐकूच आलं नव्हतं.

पलीकडे आवाज थांबले होते. ऐकणं चालू होतं, ते तिला जाणवत होतं. आणि मग प्लास्टरमधून, पहिल्यांदाच, थोरलीचा आवाज. चिरका, पण स्पष्ट.

"अहो. ही आपली धाकटी नव्हे."

ती जागच्या जागी थिजली. संपलं. आज रात्री जेवणार नाहीत, उद्या नर्स येईल.

"नव्हे?" डॉक्टरांचा आवाज. त्यांचाही धीर सुटल्यासारखा.

"धाकटी डाव्या पायावर रेलून चालायची. पाय मुरगळला होता ना तिचा, लग्नाआधी. तुम्हाला कशाला आठवेल म्हणा. ही कोणीतरी दुसरी आहे."

पलीकडे खुर्ची सरकली.

"काय करायचं मग?" डॉक्टरांनी विचारलं.

"करायचं काय त्यात? गेली ती गेली. मला काय माहीत नाही होय? मी विचारत होते, तिकडे आहे का कोणी. कोणी सांगेल तर शपथ." जरा दम घेतला. "ही आहे ती बरी वाटते. पण तिला सांगा, चोरासारखी का वावरते घरात? माणूस राहायला आलंय की उंदीर?"

तिने तोंडावर हात दाबला. मग हात काढला आणि हसली. मोठ्याने.

टक टक टक, आलं लगेच.

करार

डॉक्टर वर्षाचा करार घेऊन आले. नर्स सकाळी येणार आणि संध्याकाळी आपल्या घरी जाणार होती.

"अट तीच," ते म्हणाले. "माझ्या बायकोला त्रास होता कामा नये."

"म्हणजे वाजवायचं?"

"म्हणजे वाजवायचं. आणि ती म्हणतेय, ऑम्लेट करपू देऊ नका. वास जातो पलीकडे."

स्टुडिओत काचेमागच्याने घर सोडणारी बाई पुन्हा लावली. ती चालली. व्हरांडा संपला. काचेमागचा हेडफोन काढून म्हणाला, "आज कोण आलंय? मांजर कुठाय?"

दादा झोपलाय

पुढच्या आठवड्यात दादा-वहिनी घर बघायला आले. दादा रात्रपाळी करून थेट आला होता, हातात गरम पावांची पिशवी. जिना चढता चढताच त्याचे डोळे मिटत होते. त्याने खोली बघितली, फूल बघितलं, "उरलेलं कुठाय?" विचारलं आणि उत्तर येईपर्यंत कोपऱ्यातल्या खाटेवर आडवा झाला. घोरायलाच लागला.

दोघींचे आवाज आपोआप खाली गेले.

"छान आहे गं," वहिनी कुजबुजली. "त्या खिडक्या... पडदे मी शिवून देईन. आणि हा टॉवेल इथे कशाला गं?"

"सवयीने अडकवला गेला. तो काढ."

ती चहा ठेवायला ओट्याशी गेली. बोटांवर. किटली दोन्ही हातांनी धरून अलगद टेकवली.

टक टक टक.

वहिनी दचकली. "अगं बाई! हे काय?"

तिने दादाकडे बघितलं. दादा झोपला होता. तोंड उघडं, हात छातीवर, नखांच्या कडेला पीठ. तिने उलथनं हातात घेतलं आणि तशीच उभी राहिली.

टक टक टक. जरा जोरात. कोणी सांगेल तर शपथ.

"उठेल तो," वहिनी कुजबुजली.

तिने हात बाजूला नेला. टोक खळीत बसलं. टक टक. कधी नव्हे इतकं ठणठणीत, भिंतीतून, खाटेतून, जमिनीतून गेलेलं.

दादाने कूस बदलली. ओठ एकदा चघळले. आणि घोरू लागला, आधीपेक्षाही वरच्या पट्टीत.

दोघी त्याच्याकडे बघत राहिल्या.

वहिनीने हळूच तिच्या हातातून उलथनं घेतलं. एकदा दादाकडे बघितलं, एकदा भिंतीकडे. मग ओट्यावरचं पातेलं उचललं आणि आपटलं.